ट्री ट्रॅव्हर्सलचा क्रम: लायब्ररीच्या डॉक्युमेंटेशनमध्ये तो नेमका कसा लिहायचा

‘हे फंक्शन ट्रीमधले सगळे नोड डेप्थ-फर्स्ट क्रमाने देतं.’ लायब्ररीच्या डॉक्युमेंटेशनमध्ये हे वाक्य जागोजागी दिसतं, आणि ते वाचून कोड लिहायला बसलेल्या माणसाला जे हवं असतं तेच त्यात नसतं. (ट्री म्हणजे फोल्डरांसारखी फांद्या फुटत जाणारी रचना, नोड म्हणजे तिच्यातला एकेक घटक, आणि ट्रॅव्हर्सल म्हणजे ते सगळे फिरून येणं.) पॅरेंट, म्हणजे वरचा नोड, आधी मिळणार की त्याच्याखालचे चाइल्ड नोड? फोल्डर कॉपी करणाऱ्याला बाहेरचा फोल्डर आधी लागतो, कारण तो तयार झाल्याशिवाय आतली फाइल ठेवायला जागाच नसते. फोल्डर डिलीट करणाऱ्याला बरोबर उलटं लागतं. आणि हे दोन्ही क्रम डेप्थ-फर्स्टच आहेत, म्हणजे एक फांदी टोकापर्यंत संपवून मगच पुढच्या फांदीकडे जाणारे.

पुण्यात इंजिनिअरिंगच्या सेकंड इयरला प्रीऑर्डर, इनऑर्डर, पोस्टऑर्डर हे फिरायचे क्रम सगळ्यांचे पाठ असतात. इनऑर्डर आणि पोस्टऑर्डर देऊन ट्री काढा असा प्रश्न आला तर तोही सुटतो. नोकरी लागल्यावर चित्र बदलतं. तिथले ट्री बायनरी, म्हणजे प्रत्येक नोडला फार तर दोनच चाइल्ड असलेले, नसतात, लायब्ररीगणिक नावं वेगळी असतात, आणि स्वतःचं पॅकेज लिहायची वेळ आली की डॉक्युमेंटेशनच्या एका ओळीत क्रम कसा बसवायचा हे कोणी शिकवलेलं नसतं. म्हणून हा लेख, लायब्ररी लिहिणाऱ्यांसाठी आणि तिचं डॉक्युमेंटेशन सांभाळणाऱ्यांसाठी. सांगायचं आहे ते एवढंच: क्रमाचं रूढ नाव जरूर लिहा, पण त्याच्याजोडीला पॅरेंट कधी येतो, भावंडं कोणत्या क्रमाने येतात आणि यातल्या कशाची हमी तुम्ही देताय, हे साध्या वाक्यांत लिहा.

पहिली पायरी: ट्री ओबडधोबड घ्या

पुस्तकातला सात नोडचा, दोन्ही बाजूंना सारखा ट्री उदाहरणाला घेऊ नका. त्यात प्रत्येक पॅरेंटला दोनच चाइल्ड असतात, सगळे लीफ (चाइल्ड नसलेले नोड) एकाच पातळीवर असतात आणि नावं बहुधा आधीच अकारविल्हे लावलेली असतात. अशा ट्रीवर चुकीचं डॉक्युमेंटेशनसुद्धा बरोबर दिसतं. उदाहरणाच्या ट्रीत एक नोड एकाच चाइल्डचा असावा, एक तिनांचा, लीफ वेगवेगळ्या खोलीवर असावेत आणि भावंडांचा क्रम अकारविल्हे क्रमाशी जुळू नये.

पुणेकराला असा एक ट्री पाठ असतो. पावसाळ्यात रोज पेपरात येणारे धरणसाठ्याचे आकडे आठवा. त्यातल्या धरणांचा आणि नद्यांचा हा ट्री. नकाशा म्हणून तो अपुरा आहे, पण आपल्या कामाला पुरेल:

मुळा-मुठा
    मुळा
        मुळशी
        पवना
    मुठा
        खडकवासला
            टेमघर
            वरसगाव
            पानशेत

संगमावर मुळा आणि मुठा एकत्र येतात, म्हणून रूट, म्हणजे सगळ्यात वरचा नोड, ‘मुळा-मुठा’. टेमघर, वरसगाव आणि पानशेत या तिन्ही धरणांचं पाणी खडकवासल्यात येतं, म्हणून ती खडकवासल्याची चाइल्ड. भावंडांचा क्रम मुद्दाम अकारविल्हे ठेवलेला नाही.

आता सगळे क्रम हाताने लिहून काढा. कंटाळा करू नका, पुढच्या प्रत्येक पायरीला याच यादीकडे बघायचं आहे.

प्रीऑर्डर (पॅरेंट आधी, मग चाइल्ड): मुळा-मुठा, मुळा, मुळशी, पवना, मुठा, खडकवासला, टेमघर, वरसगाव, पानशेत.

पोस्टऑर्डर (चाइल्ड आधी, मग पॅरेंट): मुळशी, पवना, मुळा, टेमघर, वरसगाव, पानशेत, खडकवासला, मुठा, मुळा-मुठा.

लेव्हल-ऑर्डर (पातळीमागून पातळी): मुळा-मुठा, मुळा, मुठा, मुळशी, पवना, खडकवासला, टेमघर, वरसगाव, पानशेत.

इनऑर्डर इथे नाही, कारण तो असूच शकत नाही. डावा चाइल्ड, मग नोड, मग उजवा चाइल्ड अशी त्याची व्याख्या आहे. खडकवासल्याला तीन चाइल्ड आहेत, मग स्वतः खडकवासला टेमघरनंतर घ्यायचा की वरसगावनंतर? बायनरी ट्री सोडून इतर कुठल्याही ट्रीच्या डॉक्युमेंटेशनमध्ये इनऑर्डर हा शब्द दिसला, तर तिथे आणखी एक खुलासा असायलाच हवा. बायनरी सर्च ट्रीत (डावीकडे लहान, उजवीकडे मोठ्या किमती) मात्र इनऑर्डरने ‘की’, म्हणजे ज्यांवरून नोड शोधतात त्या किमती, चढत्या क्रमाने मिळतात. तरीही जावाच्या ट्रीमॅपचं डॉक्युमेंटेशन इनऑर्डर म्हणत नाही, ‘की चढत्या क्रमाने’ असं सांगतं, आणि ते योग्यच आहे. वापरणाऱ्याला आतला ट्री दिसतच नाही, मग त्याला ट्रीची भाषा कशाला ऐकवायची?

दुसरी पायरी: एका नावात दडलेले प्रश्न सुटे करा

ट्रॅव्हर्सलच्या नावाखाली तीन वेगळे निर्णय लपलेले असतात. आधी एका फांदीच्या टोकापर्यंत जायचं की एक पातळी संपवून पुढच्या पातळीवर जायचं, हा पहिला. नोड स्वतः त्याच्या चाइल्ड नोडच्या आधी द्यायचा की नंतर, हा दुसरा. भावंडांत आधी कोण, हा तिसरा. ‘डेप्थ-फर्स्ट’ हे शब्द फक्त पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतात. ‘प्रीऑर्डर’ हा शब्द पहिल्या दोन प्रश्नांचं देतो. तिसऱ्याचं उत्तर कुठल्याच नावात पक्कं नसतं. बायनरी ट्रीत डावीकडून उजवीकडे हे गृहीत धरतात, पण फाइल सिस्टिममध्ये डावं-उजवं असं काही नसतंच.

पहिला आणि दुसरा प्रश्न वेगळे का आहेत, हे या सांगाड्यावरून लक्षात येईल:

भेट(नोड):
    आधीचं काम(नोड)
    नोडच्या प्रत्येक चाइल्डसाठी:
        भेट(चाइल्ड)
    नंतरचं काम(नोड)

फिरण्याची वाट एकच आहे. ‘आधीचं काम’ या ओळीवर नोडचं नाव छापलं तर प्रीऑर्डर यादी मिळते, ‘नंतरचं काम’ या ओळीवर छापलं तर पोस्टऑर्डर. प्रत्येक नोडपाशी आपण दोनदा असतो, एकदा आत शिरताना आणि एकदा बाहेर पडताना. बऱ्याच चांगल्या लायब्ररी या दोन्ही क्षणांना नावं देऊन मोकळ्या होतात. जावाच्या फाइलव्हिजिटरमध्ये प्रीव्हिजिट-डिरेक्टरी आणि पोस्टव्हिजिट-डिरेक्टरी अशा दोन मेथड आहेत. जावास्क्रिप्टचा कोड रूपांतरित करणाऱ्या बेबलमध्ये एंटर आणि एग्झिट आहेत. तुमच्या लायब्ररीत कॉलबॅक (वापरणाऱ्याने दिलेलं, लायब्ररीने बोलवायचं फंक्शन) द्यायची सोय असेल, तर माझं मत याच पद्धतीच्या बाजूने आहे. ‘एंटर’ म्हटल्यावर कोणाला काही समजावून सांगावं लागत नाही.

कोणतं काम कुठल्या क्षणी करायचं, तेही याच ट्रीवर बघू. धरणं पूर्ण भरल्यावर खडकवासला प्रकल्पाचा एकूण उपयुक्त साठा काढायचा आहे. टेमघर ३.७१ टीएमसी, वरसगाव १२.८२, पानशेत १०.६५. हे तिन्ही हाती आल्यावर खडकवासल्याचे स्वतःचे १.९७ मिळवायचे आणि बेरीज २९.१५ टीएमसी. चाइल्डची उत्तरं तयार असल्याशिवाय पॅरेंटचं उत्तर निघत नाही, म्हणून हे पोस्टऑर्डरचं काम. फोल्डरची एकूण साइज मोजणं आणि गणिती एक्स्प्रेशनची किंमत काढणं याच जातीचं. उलट, वर छापलेला ट्री समास सोडत छापायचा असेल तर पॅरेंटची खोली आधी कळावी लागते. ते प्रीऑर्डरचं काम. डॉक्युमेंटेशनमध्ये क्रमाच्या नावाखाली अशा वापराचं एखादं वाक्य टाकलं, तर घाईत वाचणाराही योग्य फंक्शन उचलतो.

तिसरी पायरी: फसवी नावं ओळखा

या पायरीवर जास्त वेळ द्या. एरवी हुशार असलेली माणसं इथेच चुकीचं फंक्शन निवडतात.

बाणेरला एका कोड रिव्ह्यूत आमच्या टीममधल्या ज्युनिअर मुलीने विचारलं, “दादा, डेप्थ-फर्स्ट लिहिलंय म्हणजे प्रीऑर्डरच ना? कॉलेजात डीएफएस म्हणजे आधी नोड प्रिंट करायचा, मग पुढे जायचं, असंच होतं.” मी म्हटलं, “अगं, जावाच्या स्विंग लायब्ररीचं डॉक्युमेंटेशन उघड आणि डिफॉल्ट-म्युटेबल-ट्रीनोड बघ.” त्या क्लासमध्ये प्रीऑर्डर-एन्युमरेशन, पोस्टऑर्डर-एन्युमरेशन, ब्रेड्थफर्स्ट-एन्युमरेशन आणि डेप्थफर्स्ट-एन्युमरेशन अशा चार मेथड आहेत. यातली डेप्थफर्स्ट-एन्युमरेशन ही पोस्टऑर्डरच आहे, आणि तसं तिथे स्पष्ट लिहिलेलं आहे. मेथडच्या नावावरून अर्थ लावणारे बहुतेक जण प्रीऑर्डर समजले असते. ते एक वाक्य तिथे आहे म्हणून मेथड नीट वापरता येते. नाव आता बदलता येत नसेल तर निदान वाक्य तरी घालावं, ते असं.

युनिक्सच्या फाइंड कमांडमध्येही हेच दिसतं. तिथला ‘डेप्थ’ हा पर्याय दिला की फोल्डरच्या आतला सगळा माल आधी येतो आणि फोल्डर नंतर, म्हणजे पोस्टऑर्डर. पण पर्याय न देताही फाइंड फांदीच्या टोकापर्यंतच जातं, म्हणजे ते आधीही डेप्थ-फर्स्टच असतं. फाइंडचा ‘डिलीट’ हा पर्याय ‘डेप्थ’ आपोआप चालू करतो. कारण उघड आहे, रिकामा न झालेला फोल्डर काढता येत नाही. रस्टच्या वॉकडिर या पॅकेजने याच गोष्टीला ‘कंटेंट्स-फर्स्ट’ म्हटलं आहे. आतला माल आधी. मला आतापर्यंत या अर्थाचं याहून नेमकं नाव सापडलेलं नाही.

‘टॉप-डाउन’ आणि ‘बॉटम-अप’ ही जोडीसुद्धा जपून वापरायची. कोटलिनमध्ये फाइलसाठी वॉक-टॉपडाउन आणि वॉक-बॉटमअप आहेत. ऐकून वाटतं की टॉप-डाउन म्हणजे पातळीमागून पातळी, म्हणजे लेव्हल-ऑर्डर असेल. प्रत्यक्षात दोन्ही डेप्थ-फर्स्ट आहेत. पहिल्यात फोल्डर त्याच्या फाइलींच्या आधी येतो आणि दुसऱ्यात नंतर, एवढाच फरक. दुसरी अडचण आपल्या ट्रीत स्पष्ट दिसते. पुण्यात कोणालाही विचारलं तर पानशेत ‘वर’ आहे आणि संगम ‘खाली’, कारण पाणी तसं वाहतं. ट्रीत मात्र रूट वर काढायची पद्धत, म्हणजे संगम सगळ्यात वर. पाटबंधाऱ्यातल्या माणसाचं ‘वरून खाली’ हे प्रोग्रामरचं ‘बॉटम-अप’ होतं. तुमची लायब्ररी ज्यांच्यासाठी आहे त्यांच्या क्षेत्रात वर-खालीला स्वतःचा अर्थ असेल, तर हे शब्द टाळून ‘पॅरेंट आधी’ आणि ‘चाइल्ड आधी’ लिहा.

तिसरं फसवं नाव ‘रिव्हर्स’. रिव्हर्स प्रीऑर्डर म्हणजे काय? प्रीऑर्डर यादी शेवटाकडून वाचायची, की नोड आधीच घ्यायचा पण भावंडं उजवीकडून डावीकडे घ्यायची? दोन्हींची उत्तरं वेगळी येतात. आपल्या ट्रीची पोस्टऑर्डर यादी उलटी वाचा: मुळा-मुठा, मुठा, खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर, मुळा, पवना, मुळशी. ही प्रीऑर्डरच आहे, फक्त भावंडं उलट्या क्रमाने आलेली. स्टॅक वापरून पोस्टऑर्डर काढायची जी युक्ती इंटरव्ह्यूत विचारतात ती यावरच उभी आहे. कंपायलरवाल्यांचा ‘रिव्हर्स पोस्टऑर्डर’ हा शब्द रूढ आहे आणि त्यांच्या वर्तुळात तो नेमकाही आहे. पण तिथे ट्री नसून ग्राफ (एका नोडला अनेक वाटांनी पोचता येतं अशी रचना) असतो, आणि ग्राफमध्ये रिव्हर्स पोस्टऑर्डर आणि प्रीऑर्डर या निव्वळ वेगळ्या गोष्टी होऊ शकतात. तुमच्या डॉक्युमेंटेशनमध्ये रिव्हर्स लिहावंच लागलं, तर नेमकं काय उलटं केलंय ते लिहा.

या नावांचा इतिहासही सरळ नाही. डोनाल्ड कनूथ यांच्या ग्रंथमालेच्या १९६८ सालच्या पहिल्या खंडात आज ज्याला इनऑर्डर म्हणतात त्याला पोस्टऑर्डर म्हटलं होतं आणि आजच्या पोस्टऑर्डरला एंडऑर्डर. नंतरच्या आवृत्तीत त्यांनी नावं बदलली आणि आजची पद्धत रुळली. जुन्या पेपरात किंवा जुन्या कोडच्या कॉमेंटमध्ये पोस्टऑर्डर दिसलं तर आधी साल बघायचं आणि मग कोड, एवढी काळजी त्यामुळे घ्यावी लागते. गंमत अशी की सर्वसाधारण ट्रीला ‘पहिला चाइल्ड डावीकडे, पुढचं भावंड उजवीकडे’ या रीतीने बायनरी ट्रीत बसवलं, तर मूळ ट्रीचा पोस्टऑर्डर म्हणजे त्या बायनरी ट्रीचा इनऑर्डर असतो. धरणांच्या ट्रीवर कागद-पेन्सिल घेऊन करून बघा. एकदा ते जुळताना पाहिलं की तो संबंध कायमचा डोक्यात बसतो.

चौथी पायरी: भावंडांचा क्रम आणि त्याची हमी

पायथनचं ओएस.वॉक हे फंक्शन सगळ्यांनी वापरलेलं असतं. त्यात टॉपडाउन हा पॅरामीटर आहे आणि तो खरा असेल तर फोल्डर त्याच्या आतल्या फोल्डरांच्या आधी मिळतो, हे डॉक्युमेंटेशन नीट सांगतं. पण एका फोल्डरातले दोन फोल्डर कोणत्या क्रमाने येतील याची हमी नाही, ती ऑपरेटिंग सिस्टिम देईल तशी यादी असते. स्वतःच्या लॅपटॉपवर ती अकारविल्हे दिसते, सर्व्हरवर दिसेलच असं नाही. सी++ च्या २०१७ च्या स्टँडर्डमधला रिकर्सिव्ह-डिरेक्टरी-इटरेटरही क्रमाची हमी देत नाही, आणि स्टँडर्डमध्ये ते तसं लिहूनच ठेवलंय.

गो भाषेच्या फाइलपाथ.वॉकडिरचं डॉक्युमेंटेशन या बाबतीत मला नमुनेदार वाटतं. फाइली नावाच्या क्रमाने येतात, त्यामुळे निकाल दर वेळी सारखा येतो, आणि त्याची किंमत म्हणून प्रत्येक फोल्डरची यादी आधी पूर्ण मेमरीत वाचावी लागते, असं तिथे सांगितलं आहे. काय मिळतं आणि त्यासाठी काय मोजावं लागतं, दोन्ही एकाच जागी. लाखो फाइलींचा एकच फोल्डर असणाऱ्याला हे वाचून निर्णय घेता येतो.

हमी नसेल तर तसं लिहा, आणि लिहून झाल्यावरही लोक दिसणाऱ्या क्रमावर विसंबणार हे धरून चाला. पायथनच्या डिक्शनरीचं तेच झालं. ३.६ मध्ये की टाकल्याच्या क्रमाने येऊ लागल्या, तेव्हा तो फक्त आतल्या रचनेचा परिणाम होता. ३.७ मध्ये तीच भाषेची हमी झाली. गोने उलटी वाट धरली: मॅपवर (तिथल्या डिक्शनरीवर) फिरताना तिथे क्रम मुद्दाम बदलता ठेवला आहे, म्हणजे कोणी त्यावर विसंबूच नये. तुमच्या ट्रीत चाइल्ड नोड मॅपमध्ये ठेवलेले असतील तर या दोनपैकी तुमची वाट कोणती, ते पहिल्या आवृत्तीतच ठरवा. डॉक्युमेंटेशनमध्ये त्याचं एक वाक्य पुरतं: ‘भावंडं जोडल्याच्या क्रमाने येतात’ किंवा ‘भावंडांचा क्रम ठरलेला नाही, आवृत्तीगणिक बदलू शकतो’.

पाचवी पायरी: नेमकं किती वचन द्यायचं

बहुतेक डॉक्युमेंटेशनमध्ये हा विचार झालेलाच नसतो, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचा तोच आहे. ‘पॅरेंट नेहमी चाइल्डच्या आधी येतो’ आणि ‘क्रम प्रीऑर्डर आहे’ ही दोन वेगळी वचनं आहेत. वरच्या यादीत बघा. प्रीऑर्डरमध्येही पॅरेंट आधी आहे आणि लेव्हल-ऑर्डरमध्येही. पहिलं वचन दोन्ही पाळतात, दुसरं फक्त एक. प्रीऑर्डरमध्ये आणखी एक गुण असतो: एका नोडचा सगळा सबट्री (तो नोड आणि त्याखालचं सगळं) सलग येतो. मुळा, मुळशी, पवना एकत्र आहेत. लेव्हल-ऑर्डरमध्ये मुळा आणि मुळशी यांच्या मध्ये मुठा घुसलेली आहे. कोणी ‘पुढचा नोड या सबट्रीबाहेरचा दिसला की थांबायचं’ असा कोड लिहिला असेल, तर त्याला प्रीऑर्डरचं पूर्ण वचन हवं आहे. ज्याला फक्त फोल्डर तयार करत जायचंय त्याला ‘पॅरेंट आधी’ पुरतं.

मोठं वचन दिलं की वापरणाऱ्याला जास्त करता येतं, आणि पुढे आतली रचना बदलायची तुमची मोकळीक तेवढी कमी होते. म्हणून आधी वापरणारे काय करणार आहेत ते बघा आणि मग ठरवा. पायथन कोडचा ट्री फिरणाऱ्या एएसटी.वॉक या फंक्शनने अगदी थोडं वचन दिलंय: सगळे नोड मिळतील, क्रम ठरलेला नाही, संदर्भाची गरज नसताना वापरा. आत रांग वापरून तो पातळीमागून पातळी फिरतो हे सोर्स उघडून दिसतं, पण डॉक्युमेंटेशन ते कबूल करत नाही आणि त्यामुळे उद्या बदलायला मोकळं आहे. दुसऱ्या टोकाला ब्राउझरमधला डॉम, म्हणजे वेब पानाचा ट्री, आहे. त्याच्या स्टँडर्डमध्ये ‘ट्री ऑर्डर’ म्हणजे प्रीऑर्डर, डेप्थ-फर्स्ट अशी व्याख्या एकदाच केली आहे आणि बाकी सगळीकडे तोच शब्द त्याच अर्थाने येतो. एचटीएमएलमध्ये ज्याचा सुरुवातीचा टॅग आधी, तो एलिमेंट आधी. आजवर लिहिलेल्या असंख्य पानांचा कोड या हमीवर चालतो. मोठ्या लायब्ररीसाठी ही रीत उचलण्यासारखी आहे: व्याख्या एकाच जागी, आणि प्रत्येक फंक्शनखाली फक्त तिचं नाव.

सहावी पायरी: फिरता फिरता बदल केला तर

क्रम लिहून झाला की त्याला लागूनच हे लिहा, कारण हे क्रमातूनच निघतं. प्रीऑर्डरमध्ये नोड हाती येतो तेव्हा त्याच्या चाइल्डकडे जायचं बाकी असतं, म्हणून ती फांदी गाळता येते. ओएस.वॉकमध्ये टॉपडाउन असताना आतल्या फोल्डरांची यादी जागच्या जागी छाटली की तिकडे फिरणं होत नाही. टॉपडाउन बंद असताना तीच छाटणी काही कामाची नाही, कारण तोवर ते फोल्डर येऊन गेलेले असतात. पायथनचं डॉक्युमेंटेशन हे कारणासकट सांगतं. नुसतं ‘चालत नाही’ असं लिहिण्यापेक्षा कारण सांगितलेलं कितीतरी बरं, वाचणारा पुन्हा विसरत नाही.

नोड बदलून दुसरा ठेवायची सोय असेल तर जास्त जपायला हवं. क्लोजर भाषेत प्रीवॉक आणि पोस्टवॉक अशी जोडी आहे. प्रीवॉकमध्ये नोड आधी बदलला जातो आणि मग बदललेल्या नोडच्या आत फिरणं होतं. बदललेल्या नोडमध्ये दर वेळी पुन्हा बदलण्याजोगं काही येत राहिलं तर हे कधीच संपणार नाही. पोस्टवॉकमध्ये नवा नोड पुन्हा उघडून पाहिला जात नाही. तुमच्या फंक्शनबद्दल एवढं तरी लिहा: फांदी गाळता येते का, नवा नोड टाकला तर तो भेटीत येतो का, आणि चालू नोड काढला तर काय होतं.

मोजणीचा घोळही इथेच मिटवा. रूटची खोली ० की १? फाइंडमध्ये मॅक्सडेप्थ ० म्हणजे फक्त सुरुवातीचा फोल्डर. पायथनच्या एनीट्री पॅकेजमध्ये मॅक्सलेव्हल ३ म्हणजे रूट धरून तीन पातळ्या. तोच ३ फाइंडला दिला तर चार पातळ्या मिळतील. आपल्या ट्रीत टेमघर पहिल्या मोजणीने ३ वर, दुसरीने ४ वर. डॉक्युमेंटेशनमध्ये ‘रूटची खोली ०’ असं छापलं की प्रश्न मिटला. रूट स्वतः यादीत असतो की नाही, तेही त्याच ओळीत येऊ द्या.

सातवी पायरी: मजकूर लिहा

आता हे सगळं जोडून. सुरुवातीचं वाक्य होतं, ‘सगळे नोड डेप्थ-फर्स्ट क्रमाने देतं.’ त्याच्या जागी असा मजकूर येऊ शकतो:

‘दिलेल्या नोडपासूनचे सगळे नोड प्रीऑर्डर क्रमाने देतं. प्रत्येक नोड त्याच्या चाइल्ड नोडच्या आधी येतो आणि एका नोडचा सबट्री सलग येतो. भावंडं जोडल्याच्या क्रमाने येतात. सुरुवातीचा नोडही यादीत असतो, त्याची खोली ०. फिरणं चालू असताना चालू नोडचे चाइल्ड बदलले तर तो बदल धरला जातो, आधी येऊन गेलेल्या नोडमधले बदल धरले जात नाहीत. चाइल्ड आधी हवे असतील तर पोस्टऑर्डर फंक्शन वापरा.’

सहा वाक्यं झाली. प्रत्येक वाक्य एका खऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे, म्हणून हे लांबण लावणं नाही. शेवटच्या वाक्याकडे खास लक्ष द्या: चुकीच्या फंक्शनवर येऊन ठेपलेल्या माणसाला ते योग्य जागी पाठवतं. आणि याखाली धरणांच्या ट्रीसारखं एक उदाहरण निकालासकट छापा. कितीतरी वाचणारे मजकूर सोडून थेट उदाहरण बघतात, त्यामुळे उदाहरणानेही तीच गोष्ट सांगायला हवी.

फंक्शनची नावं ठरवायची बाकी असतील तर जावाच्या ग्वावा लायब्ररीची पद्धत घ्यावी: ब्रेड्थफर्स्ट, डेप्थफर्स्ट-प्रीऑर्डर, डेप्थफर्स्ट-पोस्टऑर्डर. लांब आहेत, पण पहिले दोन्ही प्रश्न नावातच सुटतात. पायथनच्या नेटवर्कएक्समध्येही डीएफएस-प्रीऑर्डर-नोड्स आणि डीएफएस-पोस्टऑर्डर-नोड्स अशीच जोडी आहे. टीमसाठी मराठीतून डॉक्युमेंटेशन लिहीत असाल तर प्रीऑर्डर, पोस्टऑर्डर हे शब्द तसेच ठेवा, सगळीकडे एकाच पद्धतीने लिहा आणि खुलाशाचं वाक्य मात्र अस्सल मराठीत लिहा.

आठवी पायरी: टेस्ट

दिलेलं प्रत्येक वचन टेस्टमध्ये उतरवा, आणि न दिलेलं मुद्दाम तिथे आणू नका. प्रीऑर्डरचं पूर्ण वचन असेल तर नऊ नावांची यादी जशीच्या तशी ताडून बघा. फक्त ‘पॅरेंट आधी’ एवढंच वचन असेल तर यादी ताडू नका, प्रत्येक नोडची जागा त्याच्या पॅरेंटनंतर आहे एवढंच तपासा, नाहीतर पुढे कोणी आतली रचना सुधारली की निष्कारण टेस्ट पडेल. भावंडांच्या क्रमाची हमी नसेल तर टेस्टमध्ये ती दर वेळी वेगळ्या क्रमाने जोडा. पायथनमध्ये डॉकटेस्ट वापरून डॉक्युमेंटेशनमधलं उदाहरणच टेस्ट म्हणून चालवता येतं, त्यामुळे मजकूर आणि कोड यांची फारकत होत नाही. खूप खोल ट्रीचीही एक टेस्ट ठेवा: पायथनची रिकर्शनची (फंक्शनने स्वतःलाच बोलवण्याची) मर्यादा सहसा १,००० असते, आणि रिकर्शनने लिहिलेलं ट्रॅव्हर्सल तिथे कोसळतं.

वचन दिलेला क्रम पुढे कधी बदलावाच लागला, तर तो बग दुरुस्त केल्यासारखा किरकोळ आवृत्तीत टाकू नका. फंक्शनचं नाव तेच, पॅरामीटर तेच, कंपायलरची तक्रार नाही आणि निकालाचा क्रम तेवढा वेगळा, असा बदल वापरणाऱ्याला शोधायला सगळ्यात अवघड जातो. नवं फंक्शन नव्या नावाने द्या, जुन्यावर सूचना लावा, आणि बदलांच्या नोंदीत दोन्ही क्रम त्याच उदाहरणाच्या ट्रीवर एकाखाली एक छापा.